लग्नाचे फोटो: बॉडी राहू द्या, लेन्स बघा



लग्नासाठी देशात जायचं ठरलं की प्रश्न हमखास येतो: नवा कॅमेरा कोणता घेऊ? माझं मत विचाराल तर आहे तोच राहू द्या, पैसे लेन्सवर घाला.

कारण साधं आहे. कार्यालयात उजेड बेताचा, आणि अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा मिळत नाही. नेहमीची किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमी एफ/१.८ ही त्यातल्या त्यात स्वस्त लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे शटर १/२५ ऐवजी १/२५०, आणि हार घालणारे हात पुसट येत नाहीत. ग्रुप फोटोला मात्र किट लेन्सच बरी.

फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवून मारा. मंडपाचं कापड रंगीत असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो. होमाच्या वेळी समोरून फ्लॅश नकोच, नुसता धूर उजळतो. फोटो रॉमध्ये काढा, दिव्यांचे रंग नंतर जुळवता येतात.

जादा कार्ड आणि बॅटऱ्या हव्यातच. सुट्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेत ठेवा, चेक-इन सामानात चालत नाहीत.

आणि हो, तुम्ही वधूचे मामा असाल तर मंगलाष्टकांना कॅमेरा सरळ दुसऱ्याच्या हाती द्या. इतक्या लांबून आलात ते भाचीच्या पाठीशी उभं राहायला!