जहाज जगते ते कामावर

जुने, देखणे जहाज वाचवायचे म्हटले की आपल्याला पहिल्यांदा संग्रहालयच सुचते. धक्क्याला बांधा, माहितीचा फलक लावा, तिकीट ठेवा. ‘सी क्लाउड’ची कारकीर्द नेमकी याच्या उलट साक्ष देते. चार डोलकाठ्यांचे हे शिडाचे जहाज १९३१ मध्ये जर्मनीतील कील येथे क्रुप उद्योगसमूहाच्या गोदीत तयार झाले. अमेरिकी धनाढ्य ई. एफ. हटन आणि त्यांची पत्नी मार्जोरी मेरीवेदर पोस्ट यांची ती खासगी नौका होती आणि तेव्हा तिचे नाव होते ‘हुसार’. मार्जोरीबाईंच्या खोलीत संगमरवरी शेकोटी होती, न्हाणीघरात हंसाच्या आकाराचे सोनेरी नळ होते. अशी चैनीची वस्तू मालकाची हौस फिटली की भंगारात जायची. हे जहाज नव्वदी ओलांडूनही समुद्रावर आहे. त्याला कोणी देव्हाऱ्यात बसवले म्हणून ते टिकलेले नाही. पडेल ते काम करत आले म्हणून टिकले.

ही कामेही किती तऱ्हेची! घटस्फोटानंतर नौका मार्जोरीबाईंकडे राहिली आणि तिचे ‘सी क्लाउड’ झाले. त्यांचे तिसरे यजमान जोसेफ डेव्हिस मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत झाले, तेव्हा ती लेनिनग्राडच्या बंदरात दिसू लागली. १९४२ मध्ये वर्षाला एक डॉलर भाड्याने ती अमेरिकी सरकारकडे गेली. डोलकाठ्या उतरवल्या गेल्या, तोफा चढल्या आणि अटलांटिकवर हवामानाच्या नोंदी घेण्याचे काम सुरू झाले. कार्लटन स्किनर या अधिकाऱ्याने इथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय खलाशांना एकत्र कामाला लावले. चित्रकार जेकब लॉरेन्स त्यांच्यापैकीच एक. सैन्यदलांतील वर्णभेद संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश निघाला १९४८ मध्ये. या जहाजाने तो धडा आधीच गिरवला होता. पुढे १९५५ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहियो याने एक व्हायकाउंट विमान देऊन ते घेतले. ‘आंजेलिता’, मग ‘पात्रिया’, मग ‘अंतार्ना’ अशी नावे बदलत गेली. या सगळ्या प्रवासात जहाजाला खरा धोका कधी झाला? युद्धात नव्हे, हुकूमशहाच्या हाती असतानाही नव्हे. पनामातील कोलोन बंदरात ते वर्षानुवर्षे नुसते बांधून पडले, तेव्हा. दमट हवेत लाकूड, लोखंड आणि यंत्रे यांची रया गेली. १९७८ मध्ये हार्टमुट पाशबुर्ग या जर्मन कप्तानाने सहकाऱ्यांसह ते विकत घेऊन जर्मनीला नेले. दुरुस्तीनंतर १९७९ पासून ते क्रूझ जहाज झाले.

यावर पहिला आक्षेप असा की चैनीची नौका चैनीचेच जहाज झाली, त्यात समाजाला काय मिळाले? जेमतेम ६४ प्रवासी सामावणारी ही सफर सामान्यांच्या खिशाला परवडणारी नाही, हे मान्यच. पण जवळपास तितकेच खलाशी तिथे राबतात, दोरांच्या शिड्यांवरून उंच चढतात आणि सुमारे ३,००० चौरस मीटरची शिडे हातांनी सोडतात, आवळतात. ही विद्या काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. रोज केली तरच राहते, आणि इथे तिचा पगार प्रवाशांच्या भाड्यातून निघतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काम वाचवते तसे मारतेही. जे. पी. मॉर्गन ज्युनिअर यांची ‘कॉर्सेअर’ ही १९३० सालची आलिशान नौका १९४७ मध्ये अशीच क्रूझ जहाज झाली आणि दोनच वर्षांत अकापुल्कोजवळ खडकावर आदळून संपली. तेव्हा काम म्हणजे अमरत्वाची हमी नव्हे. पण चालते जहाज धोका पत्करते, तसा ते दुरुस्तीचा खर्चही कमावते. बांधून ठेवलेल्या जहाजाला गंज चुकत नाही आणि कमाईही नसते.

मुंबईने हे डोळ्यांदेखत पाहिले आहे. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवली गेली. तिच्याविषयी आदराची वाण नव्हती. कमी पडला तो देखभालीचा पैसा. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये जहाज भंगारात विकले जाऊन दारूखान्यात तोडले गेले. विमानवाहू युद्धनौकेला क्रूझ जहाज करता येत नाही, ही तुलनेची मर्यादा खरी. तरी प्रश्न तोच उरतो. एखादे जहाज, वाडा किंवा जुनी गिरणी जपण्याची मागणी करताना आपण स्मारकाचा आराखडा आधी काढतो आणि रोजच्या खर्चाचा विचार शेवटी करतो. हा क्रम उलटा करायला हवा. ही वास्तू उद्या सकाळी कोणते काम करणार आणि तिचा खर्च कोण उचलणार, याचे उत्तर आधी लिहून काढा. फलकावरचा मजकूर नंतर ठरवता येईल.