‘णमो’ला आपण चूक म्हणतो का?



गेल्या वर्षी लेकीकडे मिशिगनला गेले होते. दुकानात बिल करणारी बाई कृष्णवर्णीय होती. कुणाबद्दल तरी ती शेजारणीला म्हणाली, “शी बी वर्किंग संडेज.” बाहेर आल्यावर मी म्हटलं, “जन्म अमेरिकेतला, आणि साधं इंग्रजी येत नाही!”

लेकीचा चेहरा उतरला. “आई, ती चुकली नाही. त्यांच्या बोलीत ‘शी वर्किंग’ म्हणजे ती आत्ता कामावर आहे, आणि ‘शी बी वर्किंग’ म्हणजे ती नेहमी कामावर असते. आपलं ‘आहे’ आणि ‘असते’ वेगळं आहे ना, तसंच.”

मी बी.कॉम.ला इंग्रजीतून पेपर लिहिले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं त्याच राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावचा खटला सांगितला. तिथल्या एका प्राथमिक शाळेत गरीब कृष्णवर्णीय मुलं वाचनात मागं पडत होती. कुणाला ‘शिकण्यात कमी’ ठरवलं होतं. 1977 साली त्यांच्या आया कोर्टात गेल्या. 1979च्या जुलैत न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की अडसर मुलांच्या घरच्या बोलीचा नाही. शिक्षक ती बोली ओळखत नाहीत आणि नकळत मुलांना कमी लेखतात, म्हणून मुलं वाचायला शिकत नाहीत. शिक्षकांनी आधी ती बोली समजून घ्यावी आणि मग प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवावं, असं कोर्टानं सांगितलं.

ऐकताना मला माझं कॉलेज आठवलं. आमच्या कोल्हापूर भागात बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. पुण्याला हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी मी “जेवून येतो” म्हटलं आणि खोलीभर हशा पिकला. “तू मुलगा आहेस का गं?” त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही. उत्तर येत असूनही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मी त्याच हसणाऱ्या मुलींच्या रांगेत जाऊन बसले होते.

कुणी म्हणेल, मग मुलांना प्रमाण भाषा शिकवायचीच नाही का? शिकवायची. बँकेत, कोर्टात, नोकरीत तिच्यावाचून अडतं. त्या आयांनाही आपल्या मुलांना चांगलं इंग्रजी यायलाच हवं होतं. पण शिकवणं वेगळं आणि हिणवणं वेगळं. एखाद्या बोलीला आपण ‘अशुद्ध’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ती बोलणारी माणसं कोण आहेत हे बघूनच म्हणतो. गोऱ्या साहेबानं शब्द गिळले तर ती त्याची ढब, आणि त्या बाईनं ‘बी’ म्हटलं तर अडाणीपणा!

आणि हे आपण जैन बायकांनी करावं? आपला णमोकार मंत्र प्राकृतात आहे. संस्कृत पंडिताच्या कानाला ‘नमो’ बरोबर, ‘णमो’ नाही. जुन्या संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, पण बायका आणि नोकरचाकर प्राकृत. म्हणजे ती आपलीच भाषा. भगवान महावीरांचा उपदेश लोकांच्या भाषेत झाला आणि त्यांचा दिव्यध्वनी ज्याला त्याला आपापल्या भाषेत कळला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ज्ञानमद, कुलमद, जातिमद सोडा, हेही ऐकतो. भाषेच्या गर्वात हे तिन्ही मद एकदम येतात, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

परत आल्यावरची गोष्ट. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू त्यांच्याबरोबर येतो. पूर्वी तो “आजी, पानी” म्हणाला की मी लगेच म्हणायचे, “पानी नाही, पाणी म्हण.” तो ओशाळायचा आणि तहानलेलाच राहायचा. आता मी आधी पाणी देते. मग शेजारी बसवून पुस्तक वाचून घेते. तो ‘पाणी’ नीट वाचतो, आणि आजीशी बोलताना ‘पानी’च म्हणतो.

‘णमो’ म्हणणाऱ्या तोंडानं त्याला कशाला अडवू?