सोळा-पंधरा

रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही. तरी सध्या एरिक मिलरॉय या माणसाने डोक्यात घर केलंय. एडिंबराचा मुलगा, जन्म १८८७. विद्यापीठात गणित, मग चार्टर्ड अकाउंटंट व्हायची खटपट. म्हणजे आपल्यातलाच म्हणा ना! शिवाय स्कॉटलंडचा स्क्रम-हाफ. धिप्पाड गड्यांच्या घोळक्यातून सुटलेला बॉल उचलायचा आणि त्याचं पुढे काय करायचं ते क्षणात ठरवायचं, हे त्याचं काम. देशाकडून १२ सामने खेळला.

मार्च १९१४ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कलकत्ता कपच्या सामन्यात तो कॅप्टन होता. हा कप आपल्या चांदीच्या रुपयांचा आहे बरं का. कलकत्त्यातला साहेबांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक नाणी काढून वितळवली आणि कप घडवला. कानांना तीन नाग, झाकणावर हत्ती!

तो सामना इंग्लंडने १६-१५ असा जिंकला. मैदानावरच्या ३० जणांपैकी ११ जण पुढे महायुद्धात मेले.

मिलरॉय त्यातलाच एक. ब्लॅक वॉच पलटणीत लेफ्टनंट. १८ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत, डेलव्हिल वूडच्या रानात गेला. वय २८. देह सापडलाच नाही. आईला ते कधी पटलंच नाही. मुलगा येईल म्हणून ती रात्री दिवा चालू ठेवायची आणि दाराला कुलूप लावायची नाही, असं सांगतात.

त्या काळी ब्रिटनमध्ये सैन्यभरतीची पोस्टर्स रग्बी खेळाडूंकडे बोट दाखवायची: बघा हे कसे गेले, तुम्हीही चला. जणू युद्ध म्हणजे जरा मोठी मॅच! साफ खोटं होतं ते. एका गुणाने हरलेल्याला पुढच्या वर्षी परतफेड करता येते. इथे पुढचा कलकत्ता कप थेट १९२० मध्ये झाला, तोही बऱ्याचशा वेगळ्या माणसांत.

आणि आपण? सर्व्हर पडला की मीटिंगची खोली ‘वॉर रूम’, रिलीजची रात्र म्हणजे ‘लढाई’. अरे, बग निस्तरून सकाळी उपमा खाऊन घरी जातो की आपण! मॅनेजर लोकांना हे शब्द आवडतात, कारण लढाईत कुणी रजा मागत नाही. मी तरी परवापासून कॅलेंडरवर त्या खोलीला ‘तिसऱ्या मजल्यावरची खोली’ असंच लिहितो.