जामीन मागायला निर्दोष असावं लागत नाही

तळोजा मध्यवर्ती कारागृह आपल्या पनवेल तालुक्यात आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीएखाली अटक झालेले आनंद तेलतुंबडे, गौतम नवलखा, व्हर्नन गोन्सालविस, अरुण फरेरा, हनी बाबू आणि फादर स्टॅन स्वामी याच जेलमध्ये होते. या प्रकरणातल्या पहिल्या अटका जून २०१८ मधल्या. पुढे कोणाला अडीच वर्षांनी, कोणाला पाच वर्षांनी, कोणाला साडेसहा वर्षांनी जामीन मिळाला. तोवर खटल्याची सुनावणी सुरूच झाली नव्हती.

स्टॅन स्वामींना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून अटक करून इथे आणलं तेव्हा ते ऐंशी पार केलेले होते. त्यांना पार्किन्सन्स होता, हातात पेला धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्यात काही आठवडे गेले. ५ जुलै २०२१ रोजी हॉस्पिटलमध्ये त्यांचा मृत्यू झाला. जामिनाचा अर्ज तेव्हा हायकोर्टात प्रलंबित होता. त्यांच्यावरच्या आरोपांपैकी एकाचीही साक्षीपुराव्यानिशी तपासणी झाली नाही.

आपल्या समाजात हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आपली पोरं निर्दोष आहेत." अनेक प्रकरणांत ते खरं ठरलं आहे. तरीही आपण आपली सगळी बाजू या एका वाक्यावर उभी करणं मला धोक्याचं वाटतं. निर्दोष कोण, हे खटल्याच्या शेवटी ठरतं. आणि इथे तक्रारच ही आहे की खटला शेवटापर्यंत जात नाही. वेळेत खटला चालवून घेण्याचा आणि तो लांबला तर जामीन मागण्याचा हक्क आरोपीला आरोपी म्हणूनच मिळतो. संविधानाचं कलम २१ तर 'नागरिक' हा शब्दही वापरत नाही. ते प्रत्येक व्यक्तीबद्दल बोलतं.

दहा दिवसांतले दोन निकाल

जुलै २०२५ आठवून पाहा. २१ जुलैला मुंबई हायकोर्टाने ११ जुलै २००६ च्या लोकल ट्रेन बॉम्बस्फोट खटल्यातल्या सर्व बारा जणांची शिक्षा रद्द केली. २०१५ मध्ये विशेष मोक्का कोर्टाने त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. हायकोर्टाला कबुलीजबाब विश्वासार्ह वाटले नाहीत. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत सारखाच मजकूर होता आणि छळाच्या तक्रारींकडेही कोर्टाने लक्ष वेधलं. बारांपैकी एक जण २०२१ मध्येच नागपूर जेलमध्ये कोविडने गेला होता. बाकीच्यांची १९ वर्षं आत गेली. २४ जुलैला सुप्रीम कोर्टाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत जेलमध्ये पाठवायला नकार दिला.

३१ जुलैला विशेष एनआयए कोर्टाने मालेगावच्या २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांच्यासह सातही आरोपींना निर्दोष सोडलं. त्या स्फोटात सहा जणांचा जीव गेला होता.

पहिल्या निकालाला आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अल्हम्दुलिल्लाह होतं आणि दुसऱ्याला संताप. दोन्ही भावना मला समजतात. तरी एक तारीख लक्षात ठेवा. मालेगाव २००८ च्या खटल्यात आरोपनिश्चिती ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली. पुरोहित ऑगस्ट २०१७ मध्ये जामिनावर सुटले तेव्हा त्यांना आत जाऊन जवळजवळ नऊ वर्षं झाली होती आणि खटला सुरू झालेला नव्हता. तेही चूकच होतं. हे म्हणताना आपली जीभ अडखळत असेल, तर मालेगाव २००६ च्या आपल्या माणसांबद्दल बोलताना आपलं म्हणणं कोण ऐकेल? ८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर, बडा कब्रस्तानात स्फोट झाले, मुसलमानच मेले आणि मुसलमान तरुणांनाच अटक झाली. त्यातले सात जण नोव्हेंबर २०११ मध्ये जामिनावर बाहेर आले. एप्रिल २०१६ मध्ये कोर्टाने त्या मुस्लीम आरोपींना आरोपमुक्त केलं.

कायदा कुठे अडकवतो

साध्या फौजदारी प्रकरणात पोलिसांना आरोपपत्रासाठी ६० किंवा ९० दिवस मिळतात. तेवढ्यात आरोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. यूएपीएमध्ये सरकारी वकिलाच्या अहवालावर कोर्ट ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. आरोपपत्र आलं की खरी अडचण सुरू होते. कलम ४३डी(५) सांगतं की कागदपत्रं पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, तर जामीन देऊ नये. हे कलम २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये आलं. २०१९ च्या वटाली निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामिनाच्या वेळी कोर्टाने पुराव्याची बारकाईने छाननी करायची नाही. म्हणजे तपास यंत्रणेने जे कागदावर मांडलं, ते त्या टप्प्यावर जवळपास खरं धरलं जातं. त्याला उत्तर द्यायची जागा खटल्यात, आणि खटला कधी सुरू होईल ते कोणालाच माहीत नसतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी प्रोसेस अडकून बसू नये म्हणून टाइमआउट ठेवतात. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर सिस्टिम थांबते आणि चूक दाखवते. यूएपीएमध्ये आरोपपत्राला टाइमआउट आहे, खटल्याला नाही. एनआयए कायद्याचं कलम १९ तर म्हणतं की विशेष कोर्टातला खटला रोजच्या रोज चालवावा आणि त्याला इतर खटल्यांपेक्षा प्राधान्य द्यावं. हे पाळलं गेलं नाही, तर त्याची किंमत मात्र सरकार देत नाही, आत बसलेला माणूस देतो. शिवाय टाडा आणि पोटा हे मुदतीचे कायदे होते. एक १९९५ मध्ये संपला, दुसरा २००४ मध्ये रद्द झाला. यूएपीएला अशी मुदतच नाही.

सहानुभूती नसलेल्या आरोपींचे निकाल

ही कोंडी थोडी फुटली ती ज्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही, अशा आरोपींमुळे. केरळमध्ये २०१० साली एका प्राध्यापकाचा हात तोडण्यात आला. त्या प्रकरणातला आरोपी के. ए. नजीब अनेक वर्षं फरार होता, २०१५ मध्ये पकडला गेला. पाच वर्षांहून जास्त काळ तो आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. १ फेब्रुवारी २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी त्याचा जामीन कायम ठेवला. खटला वाजवी वेळेत संपण्याची शक्यता नसेल, तर ४३डी(५) सुद्धा कलम २१ च्या आड येऊ शकत नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

तीन आठवड्यांनी, २३ फेब्रुवारीला, मुंबई हायकोर्टाने कल्याणच्या आरिब मजीदचा जामीन कायम केला. हा पनवेलच्या एका कॉलेजात सिव्हिल इंजिनीअरिंग शिकणारा मुलगा. २०१४ मध्ये आयसिसमध्ये सामील व्हायला गेल्याचा त्याच्यावर आरोप, परत आल्यावर अटक. हायकोर्टात त्याने स्वतःची बाजू स्वतः मांडली. त्याच्याविरुद्धचा पुरावा कच्चा आहे, हा खालच्या कोर्टाचा तर्क हायकोर्टाने मानला नाही. तरीही जामीन टिकला, कारण सहा वर्षांहून जास्त काळ कोठडीत जाऊनही खटला संपलेला नव्हता. कल्याणमध्येच राहायचं, पोलीस ठाण्यात ठरलेल्या वेळी हजेरी लावायची, अशा अटी घातल्या गेल्या.

जुलै २०२४ मध्ये जावेद गुलाम नबी शेख विरुद्ध महाराष्ट्र सरकार हा निकाल आला. बनावट नोटांचं प्रकरण, चार वर्षं कोठडी, आरोपनिश्चितीही नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारला वेळेत खटला चालवता येत नसेल, तर गुन्हा गंभीर आहे एवढ्या कारणावर त्याने जामिनाला विरोध करू नये.

प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. दिल्ली दंगल प्रकरणात २०२० पासून आत असलेल्या उमर खालिद आणि शर्जील इमाम यांना जानेवारी २०२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने जामीन नाकारला. त्याच प्रकरणातल्या पाच जणांना त्याच दिवशी तो मिळाला. किती वर्षं म्हणजे फार झाली, हे अजूनही खंडपीठागणिक ठरतं. म्हणून संसदेने कायद्यातच मर्यादा घालावी, ही आपली मागणी असायला हवी. ठरलेल्या काळात खटला संपला नाही, तर योग्य अटींवर जामीन. आरोपी कोणीही असो.

"आणि स्फोटात मेलेल्यांचं काय?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ११ जुलैला चर्चगेटहून घरी निघालेली १८० हून अधिक माणसं परत आली नाहीत. त्यांच्या घरच्यांनी १९ वर्षं वाट पाहिली आणि शेवटी हाती आलं ते एवढंच की ज्यांना दोषी धरलं होतं, त्यांच्याविरुद्ध गुन्हा सिद्ध होत नाही. मालेगावच्या भिक्कू चौकातल्या घरांनाही १७ वर्षांनी तेच उत्तर मिळालं. वर्षं गेली की साक्षीदार मरतात, फितूर होतात, विसरतात. आरोपी आत आहे म्हणून तपासाची घाईही उरत नाही. लवकर चाललेला खटला पीडितांच्या जितक्या फायद्याचा, तितकाच आरोपीच्या. जामिनावर सुटलेला माणूस खटल्यातून सुटत नाही. दोषी ठरला तर त्याला परत आत जावंच लागतं.

आपण काय करायचं

मागणी दिल्लीकडे करत असताना मोहल्ल्यातही करण्यासारखं बरंच आहे.

पहिलं, अटकेची वेळ लिहून ठेवा. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं बंधनकारक आहे. अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, हे सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ यांच्या यूएपीए प्रकरणात स्पष्ट केलं. नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर शाह निकालाने ती आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, असंही सांगितलं. मराठी किंवा उर्दूत मागा.

दुसरं, दिवस मोजा. सुधा भारद्वाज यांना १ डिसेंबर २०२१ रोजी हायकोर्टाने जामीन दिला, कारण आरोपपत्राची मुदत वाढवणाऱ्या पुण्याच्या कोर्टाला तो अधिकार नव्हता आणि त्यांचा अर्ज वेळेत होता. त्याच प्रकरणातल्या आठ जणांची मागणी फेटाळली गेली, कारण त्यांनी योग्य वेळी अर्ज केला नव्हता. मुदत संपली आणि अर्ज करण्याआधी आरोपपत्र आलं, तर हा हक्क जातो. नव्वदावा आणि एकशेऐंशीवा दिवस कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवणं हे घरातला कोणीही करू शकतो.

तिसरं, वकील पहिल्या रिमांडपासून हवा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. यूएपीएमध्ये पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही. मोक्कात मात्र डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा होऊ शकते. लोकल स्फोटाच्या खटल्यात अशा कबुलीजबाबांवर मोठा भर होता. कोणतं कलम लागलं आहे, हे पहिल्याच दिवशी विचारा.

चौथं, त्या घराकडे पाठ फिरवू नका. अटकेची बातमी आली की भाड्याचं घर सुटतं, बहिणीचं लग्न मोडतं, भावाची नोकरी जाते. हे कोणत्याही कोर्टाने सांगितलेलं नसतं, ते आपण शेजारी करतो. आरोपीच्या अम्मीला सलाम केल्याने आपण त्याच्या कथित गुन्ह्यात सामील होत नाही. तिच्यासोबत तारखेला कोर्टात जाणारा, अर्ज वाचून दाखवणारा एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी प्रत्येक मोहल्ल्यात असायला हवी.

तळोजात आज अनेक कच्चे कैदी आहेत. काही मुसलमान, काही आदिवासी, काही दलित, काही यांपैकी कोणीच नाहीत. यातला दोषी कोण, हे बाहेर बसून मला किंवा तुम्हाला सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. त्यांच्याबद्दल आपण दोनच प्रश्न विचारायचे. अटक कधी झाली? आणि खटला कधी सुरू होणार? नाव कोणतंही असलं, तरी हेच दोन प्रश्न.