काळा कोट चढवाल, पण पुढची तीन वर्षे?

वकिलीकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींची संख्या वाढते आहे, ही आनंदाची बाब. मुलींना तर थेट न्यायाधीश व्हायचे असते. पण २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने घरचा हिशेब बदलला, याची कल्पना अजून बऱ्याच पालकांना नाही.

तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा लागू केली. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स केला तर पदवी तेविसाव्या वर्षी, परीक्षेचे दार सव्विसाव्या वर्षी. बी.ए. करून तीन वर्षांचे एलएल.बी. केले तर आणखी एक वर्ष. कच्च्या वकिलाला अनुभव हवा, हे कोर्टाचे म्हणणे आम्हाला पटते. पण ही तीन वर्षे पोसणार कोण? ज्याचे वडील-चाचा वकील, त्याला घरातच ऑफिस. रिक्षा चालवणाऱ्याच्या मुलीने सिनियर शोधायचा कुठे? बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार महिना द्यावा असे सुचवले. सुचवले म्हणजे बंधन नाही! आणि सव्विसावे वर्ष म्हटले की रिश्त्याची बोलणी सुरू होतात, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून तयारी कॉलेजातच हवी. नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीची क्लॅट इंग्रजीत असते, फीसुद्धा लाखांत. राज्याची लॉ सीईटी मात्र मराठीतही देता येते, बारावीची शाखा कोणतीही चालते. पहिल्या वर्षापासून सुट्टीत एखाद्या वकिलाकडे बसा, अर्ज लिहायला शिका. सनदेसाठी जास्त पैसे मागितले तर लक्षात ठेवा, २०२४ च्या निकालानुसार नोंदणी फी खुल्या गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये.

उर्दू माध्यमाच्या मुलांनी मराठी पक्की करावी, तालुका कोर्टाचे काम मराठीत चालते. घाबरायचे कारण नाही. वकील, दावा, फिर्याद, जामीन, वारस, मुखत्यार, दिवाणी, फौजदारी हे शब्द त्यांना घरचेच आहेत. अडते ते जोडाक्षरांत आणि मसुदा लिहिण्यात, आणि त्याला रोज एक पान पुरते.