पुदिन्याच्या तेलाचें बिरुद

न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारा पुदिना आम्हीं नोकरींत असतां पीकपाण्याच्या नोंदींत कधीं लिहिला नाहीं. आतां त्याच्या तेलाच्या शिशा ‘सर्व जंतूंचा नाश करणारें’ या बिरुदासह विकल्या जातात, आणि आमच्या कांहीं शेतकरी बंधूंस तेल काढण्याची उमेद आली आहे. उमेद चांगली, बिरुदाविषयीं आमचें मत निराळें आहे.

चटणीचा पुदिना वेगळा, मेंथॉलचा वेगळा. उत्तर प्रदेशांत बाराबंकीकडे जो जपानी पुदिना पिकतो, त्याच्या तेलांत सुमारें ७० ते ८० टक्के मेंथॉल असतें. चटणीच्या पुदिन्यांत तें नांवापुरतेंच.

तेलाचे गुण खोटे नाहींत. प्रयोगशाळेंतील काचपात्रांत तें अनेक जंतूंच्या पेशींचें आवरण बिघडवून त्यांची वाढ रोखतें. परंतु तेथें जितकें तेल जंतूंस भिडतें, तितकें मनुष्याच्या रक्तांत पोंचविणें शक्यही नाहीं व हितावहही नाहीं. विषमज्वराच्या रोग्यास औषधाऐवजीं हें तेल पाजणें म्हणजे रोग्याचा घात होय. आंतड्याच्या जुनाट कळेवर मात्र, आंतड्यांत गेल्यावरच विरघळणाऱ्या वेष्टनांतून दिल्यास, तेथील स्नायू सैल होऊन पुष्कळांस आराम पडतो. सर्दींत नाक मोकळें वाटतें, तें बहुतांशीं वाटणेंच! मेंथॉल थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंस चेतवितें. २००२ सालीं ही जाणीव घेणारा घटक शास्त्रज्ञांस सांपडला. श्वासाची वाट त्यानें रुंदावत नाहीं.

हें आम्हांस ठाऊक होण्यास किंमत पडली. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या आठ महिन्यांच्या नातवाचें नाक चोंदलें. आम्हींच शहाणपण करून तेलाचा एक थेंब त्याच्या नाकाखालीं लावला. तत्क्षणीं त्याचा श्वास कोंडला, ओंठ निळे पडले. सूनबाईनें तेल पुसून त्यास उघड्या हवेंत नेलें, तेव्हां कोठें तो रडला. तें रडणें ऐकून आमचे पाय लटपटले. तान्ह्या मुलांचा कंठ या तेलाच्या वासानें आवळला जाऊं शकतो, म्हणून दोन वर्षांखालील मुलांस तें वर्ज्य आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. शिशीवर याविषयीं एक अक्षर नव्हतें.

आपल्या मंडळीनें तेल बाजारांत आणल्यास शिशीवर वनस्पतीची जात, मेंथॉलचें प्रमाण व हा इशारा ठळक छापावा, आणि बिरुद गाळावें. त्यामुळें खप घटेल, असें कांहीं सभासद म्हणतात. घटूं द्यावा. चिठ्ठीचा मसुदा आम्हीं लिहून ठेविला आहे. पुढील सभेंत तो वाचून दाखवूं.