टर्बोची जुनी गाडी: आधी वही, मग चावी



ज्या घरात एकेकाळी सायकलसुद्धा हप्त्याने आली, त्या घराच्या दारात आज चारचाकी उभी राहते. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर आणि तिकडे दौंड, कुरकुंभ या पट्ट्यात कारखान्यात कामाला लागलेली आपली मुले दोन-तीन वर्षांतच गाडीचे नाव काढतात. यात आम्हाला काही गैर वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला रात्री दवाखान्यात न्यायचे झाले, तर दुसऱ्याच्या जीपसाठी दारोदार फिरण्यापेक्षा आपली गाडी केव्हाही बरी. परंतु अलीकडे ही मुले साधी जुनी गाडी सोडून 'टर्बो' हवी असे म्हणतात. पळायला जोरदार, दिसायला मोठी, आणि किंमत मात्र एखाद्या जुन्या लहान गाडीएवढी. मग घ्यायला हरकत काय, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. आम्ही मेकॅनिक नाही, हिशेबाची माणसे आहोत. पण या विषयात गॅरेज आणि हिशेब वेगळे करता येत नाहीत, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्याच तालुक्यात बनलेली गाडी

या चर्चेत आमच्याकडे अधिक नाव येते ते फियाट लिनिया टी-जेटचे. ही गाडी परकी नव्हे. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीच्या कारखान्यात ती तयार झाली. लिनिया जानेवारी २००९ मध्ये बाजारात आली आणि २०१० मध्ये तिची टर्बो पेट्रोल आवृत्ती, म्हणजे टी-जेट, निघाली. इंजिन १३६८ सीसीचे. साधी पेट्रोल लिनिया ९० अश्वशक्तीची, तर टी-जेट ११४ अश्वशक्तीची. पुढे २०१६ मध्ये १२५ अश्वशक्तीची लिनियाही आली. बांधा भक्कम, पत्रा जाड, रस्त्यावर पकड चांगली. आपल्या हातांनी बनलेल्या गाडीचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविक आहे.

पण अभिमान वेगळा आणि सुटे भाग वेगळे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्याआधीच लिनिया बनणे थांबले होते. कारखाना बंद पडला नाही. २०१७ पासून तिथे जीप कंपास बनू लागली. मात्र लिनियाचे भाग आता शोधावे लागतात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिझेल लिनियाचे १.३ लिटरचे इंजिन मारुती स्विफ्टच्या डिझेल गाडीत आणि टाटाच्या गाड्यांतही होते. त्यामुळे त्याचे भाग आणि ते उघडणारे हात गावोगाव मिळतात. टी-जेटचे इंजिन तसे घरोघरी पोहोचले नाही. स्वस्तात मिळणाऱ्या गाडीची एक गोम इथेच आहे.

टर्बो म्हणजे नेमके काय?

साध्या इंजिनात जळालेला वायू सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये तोच वायू एका लहान पंख्यावर सोडतात. त्या पंख्याच्या दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनासारखी ताकद देते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. एका बाजूला आठ-नऊशे अंशांचा तापलेला वायू आणि दांड्याला आधार कशाचा, तर ऑइलच्या पातळ थराचा. म्हणून सांगतो, टर्बोचा जीव ऑइलमध्ये आहे. ऑइल जुने झाले, कमी पडले किंवा हलक्या दर्जाचे घातले, तर साधे इंजिन काही काळ सोसते. टर्बो सोसत नाही.

म्हणूनच जुनी टर्बो गाडी पाहताना रंग, टेप आणि चाके नंतर पाहावीत. आधी मागच्या मालकाची सर्व्हिसची वही व बिले मागावीत. ऑइल कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणत्या दर्जाचे घातले, हे त्यात दिसले पाहिजे. "सगळे वेळेवर केले आहे, शब्द देतो," असे एजंट म्हणाला तर त्याला नम्रपणे सांगावे, शब्द नको, बिल दाखवा. वहीच नसेल, तर ती गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्यावी.

पाहणी कशी करावी?

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर परत यावे आणि दुसऱ्या दिवशी जावे. चालू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर ऑइल जळते आहे. ते टर्बोच्या सीलमधून येते की इंजिनच झिजले आहे, हे जाणत्या मेकॅनिककडून ठरवून घ्यावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला, किंवा कूलंटच्या डब्यात तेलकट तवंग दिसला, तर पुढे बोलणीच करू नयेत.

नंतर गाडी रस्त्यावर न्यावी. तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवून मग पाय दाबावा. ताकद एकसारखी वाढली पाहिजे. धक्के बसले, तर प्लग किंवा कॉइल खराब असू शकते. गाडी ओढतच नसेल आणि हवा सुटल्यासारखा आवाज येत असेल, तर हवेचे रबरी पाइप तडकलेले किंवा सैल झालेले असू शकतात. हे काम तुलनेने स्वस्तात होते. पण सायरनसारखी बारीक किंकाळी ऐकू आली, तर टर्बोचा दांडा झिजल्याची शंका घ्यावी. तो खर्च मोठा. पुण्याच्या जुन्या बाजारातून काढलेला टर्बो बसवून देतो, असे कोणी म्हटले, तर आधीच्या गाडीत तो का निकामी झाला नसेल, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

टी-जेटच्या इंजिनातील टायमिंगचा पट्टा रबरी आहे. तो चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच उघडावे लागू शकते. पट्टा बदलल्याचे बिल नसेल, तर घेतल्याबरोबर पट्टा, त्याचे टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकदमच बदलून टाकावे. गाडी कमी चालली असली, तरी रबर वयानेही कुजते. त्याशिवाय पुढच्या चाकांचे बुश, शॉकॲब्सॉर्बर, स्टिअरिंगची गळती आणि एसी तपासावा. न्हावरे, चौफुला, पाटस या बाजूला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी केलेले रस्ते आणि पट्टे न मारलेले गतिरोधक या भागांचा जीव घेतात.

टी-जेटऐवजी चाकणला बनलेली फोक्सवॅगन व्हेंटो टीएसआय पाहणारेही आहेत. सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सची व्हेंटो घेताना फार जपावे. याच प्रकारच्या गिअरबॉक्समधील दोषांमुळे २०१३ मध्ये चीन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. रांगेत, चढावर गाडी झटके देत असेल, तर ती आपल्या खिशाची नव्हे.

घेतल्यावर कशी जपावी?

पहिल्याच आठवड्यात ऑइल व फिल्टर बदलावे. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच पूर्ण सिंथेटिक ऑइल घ्यावे आणि पुढे दर साडेसात-आठ हजार किलोमीटरला, किंवा गाडी कमी फिरली तरी वर्षाला, ते बदलावे. रविवारी पाच मिनिटे काढून ऑइलची कांडी पाहावी. सकाळी गाडी चालू केल्या-केल्या दामटू नये, ऑइल वरपर्यंत पोहोचू द्यावे. पुण्याहून नगर रोडने भरधाव आलात, तर घरासमोर गाडी लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवावी. दांडा तापलेला असताना ऑइलचा प्रवाह थांबला, तर ते तिथेच जळून कोळसा धरते.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये. आपल्याकडील बोअरच्या क्षारांनी चहाच्या भांड्याला कसा थर धरतो, हे घरातील प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तोच थर रेडिएटरमध्ये धरतो. कंपनीने सांगितलेले कूलंटच घालावे. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर बदलावा. आणखी एक नवी गोष्ट म्हणजे पंपावर आता मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. आपल्याच भागातल्या उसाला त्याने बाजार मिळतो, हे खरे. पण जुन्या गाड्या त्या मिश्रणासाठी घडवलेल्या नव्हत्या. ॲव्हरेज थोडे उतरते आणि काही गाड्यांचे रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केले आहे. पेट्रोलच्या पाइपांकडे लक्ष असू द्यावे, वास आला तर गाडी हलवू नये.

आता हिशेब

दौंडकडील आमच्या परिचयाच्या एका घरात मुलाने अशीच एक टर्बो गाडी घेतली. अर्धे पैसे खासगी फायनान्सचे, अर्धे आईने बचत गटातून उचललेले. तीन महिन्यांत टर्बो गेला. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली आणि हप्ते मात्र चालूच. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे त्यात गेले आणि तिचे एक वर्ष वाया गेले. गाडी मुळात वाईट नव्हती. दुरुस्तीसाठी एक रुपयाही मागे ठेवलेला नव्हता, ही खरी अडचण. याउलट शिरूरच्या दोघा भावांची टी-जेट व्यवस्थित चालते आहे. त्यांनी किंमत ठरवतानाच पट्टा, ऑइल व बुशचा खर्च वजा करून भाव मागितला होता.

आमचा साधा नियम असा. समजा गाडी दीड लाखाची आहे, तर घरात दोन लाख असल्याशिवाय ती घेऊ नये. वरचे पन्नास हजार वेगळ्या खात्यात ठेवावेत. गाडी जुनी झाली म्हणून तिची किंमत उतरते, पण तिच्या भागांची उतरत नाही.

हप्त्याचेही समजून घ्यावे. फायनान्सवाला "फक्त पंधरा टक्के फ्लॅट" म्हणतो. एक लाख रुपये, तीन वर्षे, म्हणजे व्याज ४५,००० आणि हप्ता सुमारे ४,०२८ रुपये. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच लागते. घटत्या शिलकीवर हिशेब केला, तर हाच दर सुमारे सव्वीस टक्के पडतो. सहीपूर्वी "घटत्या शिलकीवर दर किती?" एवढा एकच प्रश्न विचारावा.

कागदांत चार गोष्टी पाहाव्यात. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चलने बाकी आहेत का, ते पाहावे. नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१० च्या गाडीची मुदत २०२५ मध्ये संपली, २०११ च्या गाडीची २०२६ मध्ये संपते. पुढे चालवायची तर तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर यांचा खर्च धरावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० भरून घ्यावेत आणि विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा. नाहीतर अपघातात आपल्या गाडीची भरपाई अडते.

मग टर्बो घ्यावी की नाही? ज्याच्या हाताशी तिचे इंजिन जाणणारा मेकॅनिक आहे, पन्नास हजार शिल्लक आहेत आणि जो ऑइलची तारीख वहीत लिहून ठेवील, त्याने खुशाल घ्यावी. ज्याला रोज कामावर जाण्यासाठी एकच गाडी हवी आहे आणि तीही कर्जावर, त्याने साधी, टर्बो नसलेली, गल्लीतल्या गॅरेजात उघडणारी गाडी घ्यावी. निर्णय एकट्याने एजंटच्या टपरीवर घेऊ नये. घरी, आई, बायको, बहीण सर्वांसमोर वही उघडून घ्यावा. कारण हप्ता एकाच्या नावावर असला, तरी तो सगळ्या घराच्या ताटातून जातो.